जवळची तारीख पुढे

औषधांच्या गोदामात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. ज्या खोक्याची मुदत आधी संपणार ते रॅकच्या तोंडाशी ठेवायचं, म्हणजे ते आधी बाहेर पडतं. ज्याला अजून दोन वर्षं आहेत ते भिंतीकडे सरकवायचं. एवढं साधं. पण माणूस आळशी असतो हो. नवा माल आला की हाताला येईल तिथे टाकतो, जुना मागे तसाच राहतो, आणि वर्षाच्या शेवटी मालक कपाळाला हात लावून बसतो. या गोदामात गेल्या अठरा वर्षांत असं फारसं झालं नाही, कारण इथे ताई होती.

ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. तिच्याहून बारा वर्षांनी मोठा मालकसुद्धा तिला ताईच म्हणायचा. फक्त मुकादमकाका तिला पोरी म्हणायचे, कारण ती एकोणीस वर्षांची असताना, हातात टिपणवही आणि डोळ्यांत पाणी घेऊन कामाला आली, तेव्हा रॅक कसा लावायचा ते त्यांनीच शिकवलं होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षाला वडील गेले. विज्ञानाची पुस्तकं माळ्यावर गेली, धाकटा भाऊ आठ वर्षांचा, आई घरी, आणि ताई गोदामात. यात काही नवल नाही. अशा पुष्कळ ताया असतात.

तिचं काम मुदती सांभाळायचं. खोकं उचलायचं, उजेडाकडे धरायचं, तारीख वाचायची, जागच्या जागी ठेवायचं. दुकानदारांकडून मुदत संपलेला माल परत यायचा, तोही तिच्याच टेबलावर. मग फोनवर रडगाणं सुरू. "ताई, परवाच तर संपलीय. दोन दिवसांत गोळीचं काय विष झालं का?" ताईचं उत्तर ठरलेलं. "औषध चांगलं असेल हो. पण तारीख गेली. माझ्या हातात काही नाही." हे ती इतक्यांदा बोलली होती की बोलताना तिचं लक्षही नसायचं.

आणखी एक वाक्य असंच ठरलेलं होतं. दुकानदार विचारायचे, "ताई, हे मिळत नाहीये, त्याच्याऐवजी ते दिलं तर चालेल का? किती द्यायचं?" तिला बहुतेक वेळा उत्तर माहीत असायचं. इतकी वर्षं खोक्यावरचं बारीक अक्षर वाचणाऱ्या बाईला माहीत नसेल तर कुणाला? पण ती म्हणायची, "मी डॉक्टर नाही." दिवसातून चारदा, पाचदा. वयाच्या एकतिसाव्या वर्षी एका दुपारी तिने फोन ठेवला आणि काकांना म्हणाली, "काका, मला या वाक्याचा कंटाळा आलाय."

"मग दुसरं बोल," काका म्हणाले. त्यांना वाटलं, चेष्टा आहे.

चेष्टा नव्हती. ताईने चौकशी केली. तिच्यासारख्या, शाळेनंतर विज्ञान सुटलेल्या माणसालाही वैद्यकीय कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसता येतं. वयाची अट नाही. फक्त आधी विज्ञानाचे विषय प्रयोगांसकट पूर्ण करायचे. जीवशास्त्र, रसायन, मग सेंद्रिय रसायन, मग भौतिकाचे दोन भाग. संध्याकाळच्या कॉलेजात सोय आहे. आणि खाली, जिथे कुणी वाचत नाही तिथे, बारीक अक्षरात एक ओळ. उत्तीर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंतच विषय ग्राह्य धरला जाईल.

ताईने ती ओळ सगळ्यात आधी वाचली. सवयच ती. "बघा काका," ती हसून म्हणाली, "जीवशास्त्रालापण एक्स्पायरी असते."

पहिल्या वर्षी अंगात वारं शिरलेलं होतं. तिने जीवशास्त्र आणि रसायन दोन्ही एकदम घेतले. पगार झाला की आधी कॉलेजची फी, मग वाणी, मग बाकी सगळं. रविवारी अर्धा दिवस एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, त्यात पुस्तकं निघायची. प्रयोगशाळेत पांढरा कोट लागतो म्हटल्यावर आईने कपाटातली जुनी चादर काढली आणि मशीनवर बसली. कोट झाला खरा, पण एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. "डाव्या हाताला थंडी जास्त वाजते का गं तुझ्या?" वर्गातल्या पोरी विचारायच्या. त्या सगळ्या अठरा-एकोणीसच्या. ताईला राग यायचा नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आई तो कोट धुवायची, इस्त्री करायची आणि दाराच्या खिळ्याला लावून ठेवायची. दोन्ही विषयांत ताई वर्गात पहिली आली. पुढच्या वर्षी सेंद्रिय रसायन, त्यातही पहिली. आता राहिलं फक्त भौतिक, आणि हाताशी चार वर्षं. चिकार वेळ. लांबची तारीख.

तिसऱ्या वर्षी धाकट्याचा फोन आला. पदवीनंतर त्याला दुसऱ्या शहरात चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. "ताई, आठ दिवसांत भरायचेत. नाहीतर जागा जाते." आठ दिवस म्हणजे जवळची तारीख. ताईने भौतिकाच्या फीसाठी बाजूला काढलेलं सगळं त्याला पाठवलं. त्याने फोनवर "ताई, तुझे उपकार" वगैरे म्हटलं. ताई म्हणाली, "गप रे, अभ्यास कर."

चौथ्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग सहा महिने अंथरूण. भांडं देणं, अंग पुसणं, कुशीवर वळवणं, तिला धरून पहिली चार पावलं टाकायला लावणं. तेही जवळच्या तारखेचं. भौतिक पुन्हा मागे सरकलं.

आता खरं सांगायचं तर ताईला चांगलं ठाऊक होतं. गोदामात एक्स्पायर होऊन निघतं ते नेहमी भिंतीकडचं खोकं. पुढचं सगळं हाताखालून जात राहतं, त्याला काही होत नाही. ज्याला भरपूर वेळ आहे म्हणून आपण निर्धास्त मागे ढकलतो, तेच एक दिवस धूळ झटकून बाहेर काढावं तर तारीख उलटलेली. हे ती नव्या माणसांना डोळे मोठे करून सांगायची. पण घर म्हणजे काही गोदाम नव्हे. आईला भिंतीकडे कोण सरकवणार?

पाचव्या वर्षी भौतिकाचा पहिला भाग झाला. सहाव्या वर्षी दुसरा सुरू झाला, आणि ताईने आरशाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. तीस तारीख. त्या दिवशी जीवशास्त्र आणि रसायनाला पाच वर्षं पूर्ण होत होती. भौतिकाचा निकाल पंचवीसला. पंचवीस ते तीसच्या मध्ये सगळी प्रमाणपत्रं घेऊन अर्जाच्या खिडकीवर उभं राहायचं, की झालं. पाच दिवस शिल्लक राहत होते. ताईच्या आयुष्यात एवढी ऐसपैस जागा आजवर कधी शिल्लक राहिली नव्हती.

अडचण एकच. दहा प्रयोगांपैकी आठांना हजर राहणं सक्तीचं, आणि हजेरी अंगठ्याची. प्रयोगशाळेच्या दारात यंत्र होतं, ते साडेसहाला बंद व्हायचं. ताईचे दोन आधीच चुकले होते. एकदा आईची तपासणी, एकदा गोदामाची वार्षिक मोजणी. भौतिकवाले सर भला माणूस, पण त्यांनीही बजावलं, "ताई, आता एकसुद्धा नको. तिसरा चुकला तर पुढच्या सत्रात जाल. मग माझे हात बांधलेले."

"आता मेले तरी येईन, सर," ताई म्हणाली.

नऊ प्रयोग झाले. राहिला दहावा. त्या दिवशी ताई कोट पिशवीत घालूनच कामावर आली. पाच वाजता निघायचं हे तिने मालकाला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. मालक नेमका बाहेरगावी. दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खोकी लावता लावता तोंडाने सूत्रं पुटपुटत होती, आणि काका म्हणत होते, "पोरी, खोक्यांना शिकवतेस का?"

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. औषध कंपनीचा माणूस. लहान मुलांच्या तापाचं एक सिरप, अमुक बॅच, ताबडतोब थांबवा. एकही बाटली बाहेर जाऊ देऊ नका, गेली असेल तर परत आणा. कारण? कारण नंतर कळवू. त्याने फोन ठेवला.

त्या बॅचची दहा खोकी आली होती, तिनेच लावली होती. ती धावतच रॅककडे गेली. नऊ खोकी होती. दहावं दुपारी एका मुलांच्या दवाखान्यात गेलं होतं, तिच्याच सहीने. दवाखान्याचा फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, सतत एंगेज. माल पोचवणारा घरी निघून गेलेला. पॅकिंगच्या बायका केव्हाच गेल्या होत्या. उरले काका, त्यांना गुडघ्यांमुळे दहा पायऱ्या चढवत नव्हत्या आणि मोतीबिंदूमुळे बाटलीवरचं अक्षर दिसत नव्हतं.

"तू जा कॉलेजला," काका म्हणाले. "उद्या सकाळी बघू. हे कंपनीवाले उगाच घाबरवतात."

"लहान मुलांचं आहे, काका."

"तुझंही आहे," काका ओरडले. त्यांचा आवाज एवढा चढलेला ताईने कधी ऐकला नव्हता. "सहा वर्षं झाली बघतोय मी. तुझंही आहे ना काहीतरी?"

ताईने नऊ खोक्यांवर लाल पट्टी मारली, बॅचचा नंबर तळहातावर लिहिला आणि निघाली. दवाखान्याची आणि कॉलेजची बस एकाच थांब्यावरून सुटायची. कॉलेजची आधी आली. दार उघडून समोर उभी राहिली. ड्रायव्हर तिला ओळखत होता, रोजची बाई. "चला ताई, चढा," तो म्हणाला. ताईने मान हलवली. बस निघून गेली आणि ती तिच्या मागच्या काचेकडे बघत उभी राहिली.

मनात हिशोब चालूच होता. दवाखान्यात पाच मिनिटं, लगेच रिक्षा, साडेसहाच्या आत अंगठा. जमेल. का नाही जमणार?

दवाखान्यात ही गर्दी. ताप आलेली पोरं, दमलेल्या आया, आणि काउंटरवरच्या बाईने फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला, कारण तिला आवाज सहन होईना. ताईने खोकं मागितलं. बाईने नाक मुरडलं, मग तळहातावरचा नंबर बाटलीशी ताडून पाहिला आणि गपचूप खोकं पुढे सरकवलं. चोवीसपैकी एकवीस. दोन बाटल्या दुपारी गेल्या होत्या. नेणाऱ्यांचे फोन नंबर रजिस्टरात होते, बाई लगेच फोनला लागली. आणि तिसरी?

"ते काय, आत्ता निघालेत ते," बाई म्हणाली.

दारात एक माणूस होता. खांद्यावर वर्षा-दीड वर्षाची पोर, हातात बाटली. ताईने त्याला फाटकाशी गाठलं.

"अहो दादा, ही बाटली देऊ नका. परत द्या मला."

"का? आत्ता डॉक्टरांनी दिलीय."

"कंपनीने थांबवलीय. काहीतरी गडबड आहे."

"काय गडबड?"

"ते माहीत नाही."

माणसाने तिला खालून वर पाहिलं. घामाने निथळणारी, हातावर शाई, पिशवीतून पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलेलं. "तुम्ही कोण? डॉक्टर आहात का?"

ताईने ते टोक पिशवीत आत दाबलं. "नाही," ती म्हणाली. "गोदामात असते."

"म्हणजे गोदामातल्या बाईने सांगायचं आणि मी पोरीचं औषध फेकायचं? एकशे तीन ताप आहे तिला! दीड तास लायनीत काढलाय मी!" तो ओरडायला लागला, पोर रडायला लागली, माणसं जमली. ताईने हात जोडले. अक्षरशः हात जोडले त्या परक्या माणसापुढे. मग काउंटरवरची बाई आली, तिने दुसऱ्या कंपनीची बाटली त्याच्या हातात दिली, तेव्हा कुठे त्याने आधीची सोडली. जाताना म्हणाला, "काय माणसं असतात!" पोरीचा एक मोजा खाली पडला होता. ताईने तो उचलून त्याच्या खिशात घातला. पोरीचं पाऊल ताईच्या हाताला लागलं, चटका बसावा इतकं गरम. आणि मग ताईने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सहा पस्तीस.

तरी ती गेली. माणूस जातोच. कॉलेजात पोचली तेव्हा सव्वासात झाले होते, पोरी हसत खिदळत जिना उतरत होत्या, आणि भौतिकवाले सर तारांची वेटोळी खोक्यात भरत होते. यंत्रावर लाल दिवा.

"ताई," सर म्हणाले आणि हातातली तार खाली ठेवली.

तिने सगळं सांगितलं. सरांनी ऐकलं. ते प्राचार्यांकडे गेले, पत्र लिहिलं, भांडले. करता येण्यासारखं सगळं त्या माणसाने केलं. पण उत्तर एकच. राहिलेला प्रयोग पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला, निकाल एकोणीसला. म्हणजे तीस तारखेनंतर बरोबर एकोणीस दिवसांनी.

एकोणीस दिवसांनी ताई अर्जाच्या खिडकीवर उभी राहिली. कॉलेजचं पत्र, मालकाचं पत्र, पाच प्रमाणपत्रं. पाचही विषयांत पहिला वर्ग. खिडकीतली मुलगी लहान होती, नीट बोलणारी. तिने एकेक कागद वाचला. मालकाचं पत्र तर दोनदा वाचलं. मग तिने जीवशास्त्राचं आणि रसायनाचं प्रमाणपत्र वेगळं काढून ताईसमोर ठेवलं.

"मार्क खूप चांगले आहेत हो," ती म्हणाली. "पण तारीख गेली. माझ्या हातात काही नाही."

ताईला हसू आलं. आवरेचना. रांगेतली माणसं बघायला लागली, खिडकीतली मुलगी घाबरली. "पाणी देऊ का?" तिने विचारलं. ताई म्हणाली, "नको गं. तू बरोबर बोललीस. मीपण असंच बोलते."

"हे दोन विषय पुन्हा करता येतील की," मुलगी म्हणाली. येतील ना, का नाही येणार! दोन्ही एकदम करायला आता आईला एकटं सोडता येत नव्हतं. एकेक करावा तर पुढच्या वर्षी सेंद्रिय रसायनाची तारीख संपणार. तो पुन्हा करेपर्यंत चाळिशी. एक शिवण घालावी तर पलीकडे उसवणारं कापड होतं ते. ताईने कागद पिशवीत घातले आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. तिथे मात्र तिला हसू आलं नाही.

घरी आईने दार उघडलं. काठी टेकत, हळूहळू. दाराच्या खिळ्याला कोट लटकत होता, ताजी इस्त्री केलेला. "दिलास का गं अर्ज?" आईने विचारलं.

मुदतीचं ताईने आईला कधीच सांगितलं नव्हतं. सहा वर्षं. पण आज तिच्यात खोटं बोलायची ताकद नव्हती. तिने सांगितलं, थोडक्यात, भाजीचा भाव सांगावा तसं. आई ऐकत राहिली. मग तिने पेरं मोजायला सुरुवात केली. पहिलं वर्ष, दुसरं, धाकट्याचं, मग एक बोट तिथेच थांबलं.

"ते माझं वर्ष," आई म्हणाली.

"तसं नाही आई."

"मी पडले ते वर्ष. ते नसतं तर गेल्या सालीच झालं असतं सगळं."

"आई, तो सिरपचा घोळ झाला नसता तर याही साली झालंच होतं. कुणाकुणाचं नाव घेणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस? पडायचं थांबणार होतीस?"

आई यावर हसेल असं ताईला वाटलं होतं. आई हसली नाही. ती भिंत धरून उठली, कोट खिळ्यावरून काढला, घडी घातली. लांब बाही आत दुमडून घेतली. मग तो कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत. धाकट्याचा फोन आला, तो ताईने उचलला नाही.

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मालकाने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, त्याला वाटलं आनंदाची बातमी आहे. सिरपमध्ये काहीही दोष नव्हता. लेबल छापताना साल चुकलं होतं. बाटलीवर जी मुदत छापली होती, खरी मुदत तिच्याहून एक वर्ष जास्त होती. औषध उत्तम आहे. सोबत दुरुस्तीची लेबलं पाठवत आहोत, ती चिकटवून माल विक्रीस काढावा. "बघ ताई, उगाच धावपळ केलीस," मालक म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त कळत नाही.

दुपारी ताई आणि काका लेबलं चिकटवायला बसले. दोनशे अडतीस बाटल्या. परत आणलेल्या एकवीस त्यातच होत्या, आणि ती बाविसावीही, जिच्यासाठी तिने हात जोडले होते. तिचं झाकण जरा खरवडलेलं होतं म्हणून ओळखू आली. बाटली घ्यायची, जुन्या तारखेवर नवं लेबल ठेवायचं, अंगठ्याने दाबायचं. एक वर्ष वाढलं. दुसरी बाटली. एक वर्ष वाढलं.

काकांना दिसत नव्हतं, त्यांची लेबलं तिरकी बसत होती. मग ते लेबलांचा कागद हातात धरून म्हणाले, "पोरी, यातलं एक तुला चिकटवता आलं असतं तर."

ताईने मान खाली घातली. इतके दिवस आवरलेलं सगळं एकदम आलं. ती रडली, चांगली हुंदके देऊन, अठरा वर्षं जिथे उभी राहिली त्या रॅकच्या आडोशाला, आणि काका तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले.

"एक वर्ष नको होतं हो काका," ती म्हणाली. "एकोणीस दिवस."

तेवढ्यात फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी ताईने पदराने तोंड पुसलं आणि उचलला. लांबचा दुकानदार होता. "ताई, एक बाई आलीय. पोरगं दोन वर्षांचं आहे, रात्रीपासून ताप. ते सिरप तुमच्याकडून अजून आलं नाही. दुसरं आहे माझ्याकडे, मोठ्यांचं. ते अर्धं करून दिलं तर चालेल का?"

ताईला उत्तर माहीत होतं. का चालत नाही तेही माहीत होतं, यकृतात त्याचं काय होतं तेही, रेणूसकट. परीक्षेत तिने ते आकृती काढून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मिळवले होते. पलीकडे दुकानदार "हॅलो, हॅलो" करत होता. मागे पोरगं रडत होतं.

"देऊ नका. आधी त्याला डॉक्टरांकडे पाठवा," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्हीच सांगा ना. तुम्हाला सगळं माहीत असतं."

"मी डॉक्टर नाही," ताई म्हणाली, आणि पुढची बाटली उचलली.